ओटीपोटावरचं तेल

लव्हेंडरच्या तेलाने एंडोमेट्रिओसिस बरा होत नाही. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयावरची जुन्या रक्ताने भरलेली गाठ, विरघळत नाही, आत चिकटलेले अवयव सुटे होत नाहीत. हे आधीच लिहून टाकते, कारण या दुखण्याने बायका फार थकलेल्या असतात आणि थकलेल्या माणसाला काहीही विकता येतं. इथे सांगलीतच एका प्रदर्शनात स्टॉलवरच्या बाईंनी ‘तीन महिन्यांत गाठ जिरेल’ असं छातीठोकपणे सांगत माझ्या हातात कुपी ठेवली होती. मी ती परत केली. तेल मात्र मी वापरते, आणि मला त्याचा उपयोग होतो. कुठे होतो आणि कुठवर, तेवढंच सांगायचं आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. अंडाशयावर, नळ्यांवर, कधी आतड्यावर. तिथे सूज येते, व्रण धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 19 कोटी बायका-मुलींना हा आजार आहे, म्हणजे जननक्षम वयातल्या साधारण 10 टक्के जणींना. तरी निदानाला वर्षंच्या वर्षं जातात. माझी दहावीपासून तिशीपर्यंतची गेली. ‘लग्न झालं की थांबेल’, मग ‘एक मूल झालं की थांबेल’. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, डाव्या अंडाशयावरची गाठ काढली, आणि तेव्हापासून रोज डायनोजेस्ट या हार्मोनची 2 मिलिग्रॅमची गोळी सुरू आहे. मोठं काम त्या गोळीने केलं, त्याचं श्रेय तेलाला द्यायचं नाही. पाळी जवळपास थांबली. पण मधूनच डाग पडतात, आणि ते जुनं दुखणं उठतं. ओटीपोट आवळून येतं, कंबर धरते, मांडीच्या आतून कळ उतरते. फिजिओथेरपिस्टनी समजावून सांगितलं की इतकी वर्षं दुखणं सोसून ओटीपोटाचे स्नायू आता कायम ताठच राहतात, ढिलं पडायचं विसरलेत. तेलाचं काम इथे सुरू होतं.

आमच्याकडे पोटाचं दुखणं म्हणजे ओवा. आई तव्यावर ओवा भाजायची, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि पोट शेकायची. शेकाने बरं वाटतं हे खरंच आहे, गरम शेकाचा पाळीच्या दुखण्यावर होणारा उपयोग अभ्यासांतही दिसला आहे. पण भाजलेल्या ओव्याचा वास आला की मला आजही आधी ती खोली आठवते, भिंतीकडे तोंड करून पडलेली मी आठवते, आणि पोट आपोआप आवळतं. वासाचं असंच असतं. बाकीच्या संवेदना मेंदूतल्या थॅलॅमसमधून पुढे जातात. वासाला मात्र तो थांबा नाही, तो थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागात पोचतो. म्हणून मला ज्या वासाशी काहीच जुनं जोडलेलं नाही असा वास हवा होता. लव्हेंडर आमच्या घरात कधी नव्हतं.

माझी कुपी जम्मूकडच्या भदरवाहची आहे. तिथे डोडा जिल्ह्यात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून शेतकरी मक्याऐवजी लव्हेंडर लावू लागले. लेबलवर वनस्पतीचं पूर्ण नाव, लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया, लिहिलेलं असेल तरच घेते. नुसतं ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ म्हणजे कृत्रिम सुगंध, तो मेणबत्तीसाठी ठीक.

आणि हे महत्त्वाचं: ते तेल मी पहिल्यांदा दुखत नसताना वापरलं. बऱ्या दिवसांत, रात्री जेवणं आटोपल्यावर, पुस्तक घेऊन पडल्यावर. बरेच आठवडे असंच. तो वास माझ्या शरीराला आधी स्वस्थपणाचा वास म्हणून ओळखीचा व्हायला हवा होता. आता कळ उठायला लागली आणि कुपीचं बूच उघडलं की हात पोटाला लागायच्या आधीच घट्ट आवळलेला जबडा सुटतो, श्वास लांबतो. दुखणं असतंच, पण त्याच्याशी झुंजण्यात सगळं अंग ताठ होत नाही.

कोरियात 2006 मध्ये कॉलेजच्या मुलींवर झालेला एक अभ्यास मी वाचला. 5 मिलिलिटर बदामतेलात लव्हेंडरचे 2 थेंब, क्लॅरी सेज या सुगंधी वनस्पतीच्या तेलाचा 1 आणि गुलाबाचा 1 थेंब घालून पोटाला मसाज केला, तर नुसत्या बदामतेलाच्या मसाजपेक्षा पाळीतल्या कळा कमी झाल्या. पण तो साध्या पाळीच्या दुखण्यावरचा अभ्यास आहे, एंडोमेट्रिओसिसवरचा नाही. शिवाय वास लपवता येत नाही, त्यामुळे कुणाला खरं तेल मिळालं ते मुलींना कळतंच. मी त्यातून एवढंच उचललं की चोळणं आणि वास दोन्ही एकत्र हवेत. आमचा आजार इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसला जातो, म्हणून ‘हार्मोन्स बॅलन्स करतं’ अशी जाहिरात असलेलं तेल मी घेतच नाही.

माझी कृती साधी आहे. 30 मिलिलिटर गोड्या बदामतेलात लव्हेंडरचे 12 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के. तीळतेल चाललं असतं, पण घाण्याच्या तेलाचा स्वतःचाच वास दांडगा असतो. वाटीत चमचाभर घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, तेल कोमट होऊ द्यायचं. तळहात उजव्या बाजूला ओटीपोटाच्या खालून सुरू करून बरगडीपर्यंत वर, मग बेंबीवरून आडवा, मग डावीकडून खाली. मोठं आतडं याच वाटेने जातं, त्यामुळे पोट फुगलेलं असेल तर वाराही सरतो. जोर फार नाही, पुरीची कणीक तिंबायला लागतो त्याच्या निम्म्याने कमी. शेवटी कंबरेला, माकडहाडाच्या वर, अंगठ्यांनी गोल गोल. मग तेल पुसून घ्यायचं आणि गरम पाण्याची पिशवी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची. तेलावर थेट शेक नको. पिशवी फार कढतही नको, रोजच्या कडक शेकाने पोटावर तपकिरी जाळीसारखे डाग उठतात. माझ्या पोटावर ते अजून आहेत.

आई राहायला आली की चोळायचं काम तिचं. बाळाला मालीश, बाळंतिणीला मालीश हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं, त्यासाठी बाई लावली जाते, डिंकाचे लाडू होतात. जिला मूल झालेलं नाही आणि जिचं पोट वर्षानुवर्षं दुखतंय, तिच्या पोटाला मायेने हात लावायची मात्र रीतच नाही. आईने पहिल्यांदा माझ्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या खुणांवरून हात फिरवला तेव्हा ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून वाटी गरम केली.

काळजी घ्यायच्या गोष्टीही आहेत. तेल कधीही पोटात घ्यायचं नाही, थेंबभरसुद्धा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबायचं. उघडी राहिलेली, जुनी झालेली कुपी फेकायची, कारण लव्हेंडरमधला लिनालूल हा घटक हवेशी संयोग पावला की त्वचेला ॲलर्जी करू शकतो. दमा असेल किंवा वासाने डोकं उठत असेल तर हा मार्ग सोडून द्या. दिवस गेले असतील किंवा तसा प्रयत्न चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात मांजर असेल तर हवेत वास पसरवणारा डिफ्युझर लावू नका, या तेलांनी मांजरांना विषबाधा होऊ शकते. आणि ज्या दिवशी कळ खरोखर चढते त्या दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलेली मेफेनॅमिक ॲसिडची वेदनाशामक गोळी मी जेवून वेळेवर घेते. वाट बघत बसत नाही. तेलासाठी गोळी लांबवणं म्हणजे स्वतःला शिक्षा करणं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. काउंटरवर पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभ्या राहिलेल्या मुली मला लांबून कळतात. ‘मॅडम, तुम्ही कुठलं तेल लावता?’ असं विचारतात, कारण माझ्या हातांना तो वास असतो. मी तेलाचं नाव सांगते, पण आधी माझे प्रश्न विचारते. पाळी संपल्यावरही दुखतं का? त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येते का? दर महिन्याला तास बुडतात का, उलट्या होतात का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गप्प बसायचं नाही, कारण बारीक व्रण तिच्यात दिसत नाहीत. जाताना वही न्यायची. तारीख, कुठे दुखलं, दहापैकी किती, कुठली गोळी घेतली, किती वेळाने उतरलं, काय करता आलं नाही. डॉक्टरांसमोर ‘खूप दुखतं’ म्हटलं की पाच मिनिटांत बाहेर पाठवतात. दोन-तीन महिन्यांची वही समोर ठेवली की प्रश्न विचारायला लागतात. कोऱ्या वह्या मी काउंटरच्या खणात ठेवलेल्याच असतात, मागायला लाजू नका.