‘परत वाचा की’

आमच्या वाचक मंडळाचा मेळावा दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये. दीपप्रज्वलन, अहवाल, अध्यक्षांचं मनोगत हे जसं सगळीकडं होतं तसंच होतं. माझा जीव अडकलेला असतो तो नंतरच्या तासाभरात. पाहुण्यांनी भाषण करायचं नाही, स्वतःचं लिखाण वाचायचं, हा नियम आम्ही पहिल्या वर्षापासून पाळला.

वि. स. खांडेकरांच्या कोल्हापुरात वाचणाऱ्यांची वाण नाही. ‘ययाति’ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं. पण वाचणारी माणसं ऐकायला येतातच असं नाही, हे माझं जुनं दुखणं.

ते वर्ष तर विसरणं शक्यच नाही. पाहुण्या कवयित्री, आणि तितक्याच ताकदीच्या कादंबरीकार. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. नेमका त्याच संध्याकाळी शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना. खुर्च्या दीडशे मांडलेल्या, माणसं बेचाळीस. मी दोनदा मोजली. आदल्या दिवशी फोनवर ‘येतोच की’ म्हणालेले निम्मे सभासद फिरकले नाहीत. फुटबॉलवर राग नाही, माझा धाकटा भाऊही तिथंच होता. पण वर्षातला एक तास मागतो आपण.

बाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी कादंबरीतलं एक प्रकरण वाचलं, ऊसतोडीला निघालेल्या घराचं. पात्रांचे आवाज काढले नाहीत, हातवारे नाहीत. वाक्य कुठं थांबवायचं एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि कादंबरी कवीच्या हातची आहे हे तिथंच कळत होतं.

मग एक छोटी कविता, बंद घराच्या उंबऱ्यावरची. ती संपली आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, “बाई, परत वाचा की. मला नीट घावली न्हाई.” स्वागतगीत म्हणणाऱ्या एका मुलीची आजी होती ती, नातीसाठी आलेली. बाईंनी अर्थ सांगितला नाही. चष्मा पुसला आणि तीच कविता पुन्हा वाचली, आधीपेक्षा हळू आवाजात. बेचाळीस माणसं पुढं झुकून ऐकत होती. शेवटच्या ओळीला आजींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही समोरचं नीट दिसेना.

तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला आम्ही एक कविता दोनदा वाचायला सांगतो.

माणसांची नोंद राहून जायला नको. रविवार असून हॉल उघडून देणारे शिपाईमामा, रांगोळी काढणाऱ्या नववीच्या मुली, फलक रंगवणारे ड्रॉइंगचे सर (ते आता नाहीत), गंगावेशीतल्या कट्ट्यावरून दूध आणून चहा करणाऱ्या दोघी वहिनी, शालीचे पैसे खिशातून भरून सहा महिने गप्प राहिलेले खजिनदार. बाईंना रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेळेत पोचवून भाडं न घेतलेले रिक्षावाले दादा. खुर्च्या मांडणारी आणि उचलणारी पोरं, त्यातली चार तर सामना सोडून आलेली. आणि माईकवाले काका. त्या वर्षीच्या छापील अहवालात त्यांचं नाव माझ्याकडून राहिलं. दुसऱ्या वाचनाला, कुणी न सांगता, आवाज त्यांनीच वाढवला होता; म्हणून ती कविता मागच्या रांगेपर्यंत पोचली.