मामांना मागच्या सीटवर बसवलं, आणि ट्रिप पार पडली

न्यूझीलंडमध्ये गाडी चालवणं आपल्याला अवघड नाही, आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, रस्त्यावर गर्दी नाही, कोणी हॉर्न वाजवत नाही. अवघड होतं ते शेजारी बसलेलं माणूस, आणि व्हिसा, विमा, गाडी यांची माहिती सगळीकडे मिळते पण याबद्दल कोणी काही सांगत नाही, म्हणून लिहितेय. घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांना उपयोग होईल.

माझे मामा रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी बडोद्याहून सुरत, अमदावाद, रतलाम अशा गाड्या नेण्यात गेली. मामी गेल्यापासून दांडिया बाजारातल्या घरात एकटेच असतात आणि त्यांची मुलगी क्राइस्टचर्चला. तिने मामांना बोलावलं, तिला सुट्टी मिळेना, मग ती मला म्हणाली तू पण ये आणि बाबांना साउथ आयलंड तूच फिरव. मी इथे रोज गाडी चालवते, एक्सप्रेसवेवर पण, त्यामुळे लगेच हो म्हटलं. लायसन्स इंग्रजीत असेल तर तिथे तेच चालतं, तरी मी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून घेतलं, १००० रुपये फी आहे आणि एक वर्ष चालतं. परदेशात अडचण आली तर दोन कागद बरे.

मामांचा स्वभाव मला लहानपणापासून माहीत आहे. माणूस सोन्यासारखं, पण वेळ आणि पैसा या दोन बाबतीत कोणाचं ऐकणार नाहीत. लग्नाला जायचं असलं तरी मुहूर्ताच्या तासभर आधी जाऊन बसणार आणि उशिरा येणाऱ्यांकडे घड्याळ दाखवत बघणार.

पहिली खडाजंगी विमानतळाच्या आधीच झाली. न्यूझीलंडला जाताना ट्रॅव्हलर डिक्लेरेशन भरावं लागतं, त्यात खाण्याचं काही आणलंय का असा सरळ प्रश्न असतो. मामांच्या बॅगेत थेपले, खाखरे, लोणचं आणि खोकल्यासाठी मधाची बाटली. ते म्हणायला लागले, "नाही लिही गं, घरचं तर आहे, कोण बघतंय." मी म्हटलं मामा, इथे न सांगता काही सापडलं तर ४०० डॉलर दंड आहे, मी सगळ्याला हो लिहिणार. दिल्लीपासून तोंड फुगवून बसले होते. तिथे उतरल्यावर ऑफिसरने बॅग उघडली, थेपले खाखरे बघून परत ठेवले, लोणच्याचं लेबल वाचलं, आणि मध काढून घेतला कारण मध त्या देशात नेताच येत नाही, त्यांच्या मधमाश्यांना बाहेरचा रोग लागेल म्हणून. दंड एक पैसा नाही, कारण आम्ही आधीच सांगितलं होतं. यावर मला वाटलं आता तरी ऐकतील, तर म्हणे "तू सांगितलंस म्हणून मध गेला."

खरा त्रास गाडीत बसल्यावर सुरू झाला. मामांनी बडोद्याहूनच टाइमटेबल लिहून आणलं होतं, कुठून किती वाजता निघायचं आणि कुठे किती वाजता पोचायचं. तिथे मोकळ्या रस्त्याला १०० ची मर्यादा आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि बडोदा अमदावाद एक्सप्रेसवे डोक्यात ठेवून सगळं तासाला ९० च्या हिशोबाने मांडलं. पण तिथला हायवे म्हणजे बहुतेक ठिकाणी एक लेन जायची एक यायची, वळणं, चढ, मध्येच एकेरी पूल, त्यामुळे ६५-७० च्या वर सरासरी जात नाही. क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशे किलोमीटर आहे, तीन तास धरून चालायचं. मामांच्या कागदावर अडीच होते. फेअरलीच्या अलीकडेच त्यांचं सुरू झालं, आपण लेट आहोत, अजून लेट झालो, आता तर काही खरं नाही. मी मागच्या गाड्यांना जाऊ द्यायला बाजूला घेतलं की चिडायचे, आपण का थांबायचं, आपण आधी आलोय. तिथे हा नियमच आहे, आपल्यामुळे मागे रांग लागली तर जागा बघून डावीकडे घ्यायचं, नाहीतर लोक *५५५ ला फोन करून गाडीचा नंबर सांगतात.

आणि भीती. हे मला आधी कळलंच नव्हतं. तिथे ड्रायव्हर उजवीकडे म्हणजे शेजारचा माणूस डावीकडे, आणि डावीकडे कायम दरी किंवा तळं. मामा पूर्ण वेळ वरचं हँडल घट्ट धरून बसलेले, पाय समोर दाबून धरलेले. प्रत्येक वळणावर "हळू", समोरून कॅम्परव्हॅन आली की "अगं बाई". बोलता बोलता घाबरले की गुजराती सुरू.

टेकापोहून माऊंट कुकला जाताना पुकाकी तळ्याच्या कडेने ५५ किलोमीटरचा रस्ता आहे. तळ्याचा रंग बघून डोळे फिरतात, हिमनदी खडक घासून जे पीठ करते ते पाण्यात तरंगतं म्हणून तो दुधाळ निळा रंग येतो. समोर आओराकी, म्हणजे माऊंट कुकच, ३७२४ मीटर, संपूर्ण उघडा दिसत होता. आणि तिथेच एका वळणावर समोरून मोठी बस आली आणि मामा "गाडी ऊभी राख!" असं ओरडून सरळ स्टिअरिंगला हात घालायला आले. मी त्यांचा हात कोपराने अडवला, गाडी सरळ ठेवली, बस गेली. पुढे व्ह्यूपॉइंटला गाडी घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून हातात घेतली. माझे हात थरथरत होते पण आवाज चढवला नाही. म्हटलं, "मामा, तुम्ही मला कडेवर खेळवलंय, पण आत्ता जे केलंत ते परत झालं तर मी इथून गाडी पुढे नेणार नाही. पुढच्या सीटवर तुम्ही बसायचं नाही." ते काहीच बोलले नाहीत. उतरले, मागचं दार उघडलं आणि जाऊन बसले. माऊंट कुक बघून ट्वायझेलला येईपर्यंत आमच्यात एक शब्द नाही.

ट्वायझेलला आम्ही हॉलिडे पार्कमध्ये उतरलो. ही सोय फार चांगली, छोटी केबिन मिळते आणि सगळ्यांना मिळून एक मोठं किचन असतं, शेगडी, भांडी, फ्रिज सगळं, शाकाहारी माणसाने हेच करावं. मी खिचडी टाकली होती, मामा समोर बसून थेपला खात होते, आणि आपणहून म्हणाले, "चिमे, मागे बसल्यावर मला बरं वाटलं." मी विचारलं म्हणजे काय. मग बोलायला लागले. इतकी वर्षं गाडीबरोबर गेले पण इंजिनात कधी बसले नाहीत, कायम शेवटच्या डब्यात, तोंड मागे. समोरून रूळ अंगावर येताना त्यांनी बघितलेच नव्हते. समोर काय आहे ते ड्रायव्हरने बघायचं, गार्डने मागे बघायचं आणि वेळ लिहायची. ती डायरी त्यांनी नोकरीत एक दिवस चुकवली नाही, कुठलं स्टेशन किती वाजता सोडलं, कुठे का थांबलो, सगळं मिनिटाला.

मला तिथेच सुचलं. मी म्हटलं मग इथेपण तेच करू ना, गार्ड तुम्ही. सकाळी फोर स्क्वेअरमधून, म्हणजे तिथलं वाण्याचं दुकान, एक वही आणून दिली. निघताना त्यांनी सगळी दारं, डिकी, सामान बघायचं आणि ते ऑल राईट म्हणाले की मगच मी ब्रेक सोडायचा. मागे किती गाड्या साठल्यात ते त्यांनी सांगायचं, बाजूला कधी घ्यायचं ते त्यांचं. आणि लेट झालो म्हणायचं नाही, किती वाजता पोचलो आणि उशीर कशामुळे ते वहीत लिहायचं. वेग, वळण, ओव्हरटेक यावर मात्र अक्षर बोलायचं नाही. त्यांनी मान डोलावली आणि लगेच विचारलं, पेन कुठंय.

मी सांगते, पुढच्या लिंडिस पास घाटापासून वेगळंच माणूस गाडीत होतं. "मागे तीन. पुढे जागा आली तर घे." मी डावीकडे घेणार, तिन्ही गाड्या जाणार, जाणारा हात दाखवणार, मामा पण हात दाखवणार आणि वहीत लिहिणार. एकेरी पूल आला की त्यांना आनंदच. तिथे पुलाआधी बोर्ड असतो, लाल कडेचा गोल आणि त्यात आपला बाण छोटा असेल तर थांबायचं, निळा चौकोन आणि आपला पांढरा बाण मोठा असेल तर आपला हक्क आधी, तरी समोर बघूनच जायचं. मामा म्हणाले हे तर सिंगल लाइन वर्किंग, एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या. वेस्ट कोस्टला असे पूल एकामागून एक येतात, तिथे त्यांच्या वहीची पानं भरली.

मिलफर्डच्या रस्त्याचं वेगळं सांगायला हवं. 'ते आनाऊ' नावाच्या गावाहून ११८ किलोमीटर, तिथेच टाकी फुल करायची, पुढे बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, नकाशा ऑफलाइन काढून ठेवायचा. वाटेत होमर टनेल लागतो, साधारण सव्वा किलोमीटर, १९३५ ला काम सुरू झालं आणि गाड्यांसाठी उघडला १९५४ ला. आत मिलफर्डकडे उतार १ इन १० आहे, म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. आपला रेल्वेचा बोरघाट १ इन ३७, त्याला मागून जादा इंजिनं लावतात, त्यामुळे हा आकडा ऐकून मामा दोन मिनिटं गप्पच. उन्हाळ्यात बोगद्याला सिग्नल असतो, एका वेळी एकाच दिशेची वाहतूक, आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. हाच माणूस दोन दिवसांपूर्वी पाच मिनिटांसाठी जीव खायचा, इथे खाली उतरून कीआ नावाचे ते हिरवे पहाडी पोपट लोकांच्या गाड्यांचं रबर कसं उचकटतात ते बघत उभा होता आणि वहीत लिहिलं, "सिग्नल डेंजर, १५ मि."

पण सगळं सुधारलं असं नाही. पैशाचा विषय शेवटपर्यंत तसाच राहिला. डॉलरला पन्नासने गुणायचं आणि मोठ्याने बोलायचं, कॉफी घेतली की तीनशे, पार्किंग दिलं की पाचशे. यावर मी निघतानाच एक सोय केली होती, दोघांनी सारखे पैसे एका पाकिटात टाकायचे आणि पेट्रोल, राहणं, किराणा त्यातूनच, म्हणजे प्रत्येक वेळी कोण देतंय हा प्रश्न नको. ज्याला जास्तीचं काही करायचं त्याने स्वतःच्या खिशातून. मिलफर्डला बोटीचं तिकीट ऐकून ते नाहीच म्हणाले, पाणी काय किनाऱ्यावरून पण दिसतंय. मी आग्रह केला नाही आणि माझा बेत पण सोडला नाही. एकटी गेले. दोन्ही बाजूंनी सरळ उभे कडे आणि त्यावरून पडणारे धबधबे, बोट एका धबधब्याच्या इतकी जवळ नेतात की आपण भिजतो. मला त्या दोन तासांची फार गरज होती, कोणी वेळ सांगत नव्हतं. मामा खाली सँडफ्लाय, म्हणजे तिथल्या बारीक चावऱ्या माश्या, चावून घेत बसले होते, हातपाय सुजले. मी क्रीम दिलं, बोटीबद्दल काही बोलले नाही.

तसंच त्यांचंही मी ऐकलं. परतीच्या वाटेवर आर्थर्स पासला ट्रान्झअल्पाइन गाडी थांबते, क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ जाणारी, आणि पासच्या खालून ओटिराचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, १९२३ चा. मामांना ती गाडी बघायची होती. मला अंधार पडायच्या आत पोचायचं होतं, पण थांबले. गाडी आली, ते प्लॅटफॉर्मवर शेवटच्या डब्यापाशी जाऊन उभे राहिले, रुळांची रुंदी डोळ्याने मोजली आणि म्हणाले डभोईच्या आपल्या जुन्या छोट्या लाइनपेक्षा थोडी रुंद. तिथली १०६७ मिलिमीटर, डभोईची ७६२ होती, म्हणजे अंदाज बरोबर होता. तिथल्या गाडीवरच्या बाईंशी मोडक्या इंग्रजीत दहा मिनिटं बोलले.

भाड्याची मोटार परत देताना काचेला एक टवका निघाला, होकिटिकाच्या आसपास ट्रकमागून खडा उडाला होता. मी सुरुवातीला जादा पैसे भरून विम्याचं पूर्ण कव्हर घेतलं होतं, मामांच्या मते फुकट घालवलेले, त्यामुळे काही भरावं लागलं नाही, फक्त कधी कुठे झालं ते लिहून द्यायचं होतं. वहीत वेळेसकट होतं, तेच वाचून फॉर्म भरला.

रात्री बहिणीच्या घरी पाकिटाचा हिशोब झाला. उरलेले अर्धे अर्धे केले. मी मिलफर्डला बोटीवर जाताना घाईत जॅकेटचं भाडं पाकिटातून दिलं होतं, ते मामांनी वहीत वेगळं काढून ठेवलं होतं. म्हणाले हे तुझं, तू भर. बरोबरच होतं ते, मी भरले.