ब्रेमेनचा तारा आणि नारायण पेठेतली खळ

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात मी गेली नऊ वर्षे राहते. औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज ये-जा करणाऱ्या पुणेकरांना हे नाव नवे नाही. येथे येईपर्यंत मलाही ते केवळ एका चौकाचे नाव म्हणूनच ठाऊक होते. यंदा बऱ्याच वर्षांनी दिवाळीसाठी तीन आठवडे नारायण पेठेत आईकडे राहता आले, आणि ब्रेमेनमध्ये शिकलेला कागदी पिशव्यांचा तारा तेथे आकाशकंदिलाच्या जागी टांगण्याचा घाट मी घातला. तो तडीस गेला, पण मी ठरवले होते तसा नव्हे.

आधी त्या ताऱ्याविषयी सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार जर्मनीत महत्त्वाचे मानले जातात, आणि त्यांतला पहिला जवळ आला की खिडक्याखिडक्यांतून कागदी तारे दिसू लागतात. दुपारी साडेचारलाच अंधार पडणाऱ्या त्या दिवसांत त्यांचा मोठा आधार वाटतो. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, बालवाडीत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या आजींनी मला पहिल्याच हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून हा तारा शिकवला. त्यासाठी त्यांनी काहीही विकत आणले नव्हते. पाव आणल्यावर उरलेल्या तपकिरी पिशव्या त्या वर्षभर खणात सपाट करून ठेवत असत.

कृती सोपी आहे. एकाच मापाच्या सात ते नऊ पिशव्या घ्याव्यात. पहिली पिशवी उघडे तोंड वर करून ठेवावी, तिच्या बंद बुडाच्या कडेने एक आडवी आणि बुडाच्या मध्यापासून तोंडापर्यंत एक उभी अशी डिंकाची रेघ ओढावी, आणि त्यावर दुसरी पिशवी त्याच दिशेने बरोबर बसवावी. सगळ्या पिशव्या अशा एकावर एक चिकटल्या की उघड्या तोंडाकडची बाजू दोन्हीकडून तिरकी कापून टोक करावे, आणि बाजूंना हवी तशी नक्षी कातरावी. डिंक वाळला की पहिली आणि शेवटची पिशवी हातात धरून पंखा उघडावा तसे उघडत न्यावे. दोन्ही टोके एकमेकांना भिडली की तारा तयार होतो. ती भिडत नसतील तर ओढाताण न करता आणखी एक पिशवी जोडावी. उघडण्याचा तो क्षण मला अजूनही जादूचा वाटतो.

पुण्यात पहिली अडचण आली ती मालाची. ‘फुकटचा कागद’ हा शब्द मी आईसमोर उच्चारला आणि चूक केली. ब्रेमेनमध्ये जुना कागद निळ्या डब्यात टाकून हात झटकता येतात, त्याचे कोणी पैसे देत नाही. पुण्यात मात्र वर्तमानपत्राची घडी मोडली की तिची रद्दी होते आणि रद्दीला भाव असतो. माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढेपर्यंत त्यातला एक कागदही इकडचा तिकडे झालेला आईला चालत नाही. तेव्हा रद्दीवाला ज्याकडे ढुंकूनही पाहत नाही, अशाच कागदावर माझा हक्क उरला. सुदैवाने 2018 साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून आमच्या बेकरीतून खारी आणि टोस्ट तपकिरी कागदी पिशव्यांतून येतात. आठवडाभरात शेजाऱ्यांकडच्या धरून चौदा पिशव्या जमल्या, त्यांतल्या पाच तुपकट निघाल्या. तुपकट कागदावर काहीही चिकटत नाही, त्यामुळे त्या बाद झाल्या आणि नेमक्या नऊ उरल्या.

दुसरी अडचण चिकटवण्याची होती. जर्मनीहून नेलेली डिंकाची कांडी या जाड, खरखरीत कागदावर नीट पसरेना. तारा उघडताना तिसरी आणि चौथी पिशवी सुटून आली. आई तोवर काही बोलली नव्हती. मग तिने उठून दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवला, मंद आंचेवर तो पारदर्शक होईपर्यंत ढवळला आणि खळ माझ्यासमोर ठेवली. लहानपणी आमच्या घरचा प्रत्येक आकाशकंदील याच खळीने चिकटलेला होता, हे मला आठवू नये याचीच मला लाज वाटली. खळ टिकावी आणि तिला कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. पण ते विषारी असते आणि आमच्यासोबत सात वर्षांचा भाचा होता, म्हणून आम्ही ते घातले नाही. दोन दिवसांची खळ तशीही आंबते, ती रोज ताजी करणेच बरे.

खळीमुळे एक गोष्ट मात्र नव्याने कळली. ओला कागद एकाच दिशेने अधिक फुगतो, कारण यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला लागलेले असतात. वर्तमानपत्र उभे फाडले की सरळ फाटते आणि आडवे फाडले की भलतीकडे जाते, त्याचेही कारण हेच. भाच्याला हे दाखवण्यापुरते एक पान आईने उदार मनाने दिले, आणि पुढचा अर्धा तास त्याने ताऱ्याकडे पाठ फिरवून केवळ कागद फाडले. मला विचाराल तर कागदकामातला निम्मा धडा त्याने तेवढ्यातच घेतला. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते, विरुद्ध दिशेची तडकते. जाड कागदात हा फरक फार जाणवतो.

जाड कागद आमच्याकडे भरपूर होता, कारण कपाटाचा एक खण जुन्या लग्नपत्रिकांनी भरलेला होता. इतका सुंदर, सोनेरी कडांचा कागद जर्मनीत विकत घेताना मी दहा वेळा विचार करते. परंतु प्रत्येक पत्रिकेवर गणपती, आणि गणपतीवर कात्री चालवायची नाही. आईने आधी सगळे गणपती हळुवारपणे वेगळे कापून एका पाकिटात ठेवले (त्या पाकिटाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही), आणि मगच उरलेल्या भागांच्या पट्ट्या मला मिळाल्या.

या पट्ट्या पाहून मला शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवला. घोटीव कागदाला समांतर चिरा देऊन त्यांतून दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या एक सोडून एक ओवायच्या आणि चटई विणायची, हे आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. खालच्या मजल्यावरच्या आजींकडून कळले की कागदाची ही चटई आणि घडीकाम लहान मुलांच्या शिक्षणात पद्धतशीरपणे आणले ते फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी, म्हणजे ज्यांनी 1840 मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले त्यांनी. चार पट्ट्या एकमेकींत गुंफून केला जाणारा एक छोटा तारा जर्मनीत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यासाठी पट्टीची लांबी रुंदीच्या पंचवीस ते तीस पट लागते. पाठकोऱ्या ए-फोर कागदाच्या लांब बाजूने एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या की हे प्रमाण आपोआप साधते. लग्नपत्रिकांच्या पट्ट्या यासाठी फारच आखूड आणि ताठ निघाल्या. आईने मग त्यांच्या करंज्या केल्या, म्हणजे आकाशकंदिलाच्या कडेला लावतात तशा वळवलेल्या नक्षीदार पाकळ्या, आणि त्या पिशव्यांच्या ताऱ्याच्या टोकांना लावल्या. खाली झिरमिळ्या हव्यातच, असा तिचा आग्रह होता. कागदाजवळ उष्णता नको म्हणून आत लहान एलईडी दिवा सोडला. वसुबारसेच्या संध्याकाळी गॅलरीत लागला तो तारा होता की कंदील, यावर जिन्यातल्या प्रत्येकाचे मत वेगळे पडले.

ब्रेमेनला परतल्यावर पहिल्या रविवारच्या आधी मी पिशव्या घेऊन खालच्या मजल्यावर गेले. जर्मन दुकानात मैद्याला सर्वांत जवळचे पीठ ‘405’ या क्रमांकाने मिळते. त्याचीच खळ शिजवून एका वाटीतून नेली होती. आजींनी वाटीत बोट बुडवून पाहिले, ते दोन पिशव्यांच्या मध्ये फिरवले, थोडा वेळ दाबून धरले, आणि टेबलावरची डिंकाची कांडी उचलून खणात ठेवून दिली. करंज्या मात्र त्यांना अजून जमलेल्या नाहीत.