खालच्या वाफ्यांवरचे प्लॅस्टिक

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस विदर्भात थंडीची लाट आली, तेव्हा मी अंजनगाव सुर्जी परिसरात कृषी सहायक होतो. २९ तारखेच्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. मला त्या आठवड्यात सर्वांत जास्त काळजी होती ती पानपिंपरीच्या मळ्यांची. सुंठ आणि मिरीसोबत त्रिकटूत जाणारी पिंपळी ती हीच. शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत आणि दमट हवेत वाढणाऱ्या, जमिनीलगत पसरणाऱ्या या वेलीला कोरडी थंडी सोसत नाही.

आदल्या संध्याकाळी मी एका वयस्कर शेतकरीकाकांच्या मळ्यात होतो. मळ्याचा उतार नाल्याकडे होता. थंड हवा जड असल्यामुळे ती उताराने वाहत येऊन सखल जागी साचते, म्हणून खालच्या वाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याचा सल्ला मी दिला. वरच्या वाफ्यांवर मात्र काकांनी आपल्या पद्धतीने बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून त्यांवर गोणपाट टाकले आणि उत्तरेच्या बाजूला तुराट्यांचे ताटवे बांधले. रात्री वीज आल्यावर विहिरीचे पाणी सोडले. थंडीच्या दिवसांत ते हाताला कोमट लागते, आणि ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा ऊब जास्त वेळ धरून ठेवते.

सूर्य उगवल्यावर प्लॅस्टिक उचलले आणि माझ्या पोटात गोळा आला. जिथे कागद पानांना टेकला होता, तिथे पाने उकडल्यासारखी काळी पडली होती. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पातळ प्लॅस्टिक रात्रभर उष्णता गमावत थंड होते आणि टेकलेल्या पानालाही गारठवते, हे मी शिकलो होतो, पण घाईत विसरलो. गोणपाटाखाली कमानीची पोकळी असल्यामुळे तिथली पाने हिरवीगार होती.

करपलेला पाला लगेच छाटावा असे मला वाटले. काकांनी हात धरला. "साहेब, कापू नका. मुळी जित्ती हाये, हा पालाच तिले झाकते." त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण छाटणीनंतर येणारी कोवळी फूट पुढच्या थंडीत पहिली करपली असती. आम्ही बुंध्यांभोवती वाळलेला पाला पसरला आणि थांबलो.

फेब्रुवारीच्या अखेरीस कांड्यांवर नवे कोंब दिसू लागले. नाल्याकाठचे दोन वाफे मात्र फुटले नाहीत. तिथे काकांनी वरच्या वाफ्यांतलीच बेणी कापून नव्याने लावली.