पेव्हरच्या फटींतलं तण आटोक्यात कसं आणलं, माझा अनुभव

बागेतल्या पायवाटेला आणि बसायच्या जागेला सिमेंटचे पेव्हर बसवून बरीच वर्षं झाली, आणि मधल्या फटींतून तण कसं येतं ते ज्यांच्याकडे पेव्हर आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको. पाऊस पडला की आठवड्याभरात सगळ्या रेघा हिरव्या. उपटलं की परत हजर. शेवटी हे काम नीट मनावर घेतलं, मुळापासून समजून घेतलं आणि आता वाट खरंच स्वच्छ राहते, म्हणून काय केलं, कशाचा उपयोग होतो आणि कशाचा नाही ते सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बहुतेकांना वाटतं तण खालच्या जमिनीतून वाट काढत वर येतं, म्हणून लोक सांगतात पेव्हरखाली प्लास्टिक टाका, कापड टाका. मी जिथे सगळ्यात जास्त तण होतं तिथले दोन-चार पेव्हर उचलून बघितले. मुळं जवळजवळ सगळी फटीतच, खालची रेती बऱ्यापैकी मोकळी. म्हणजे बी वरून येतंय. वाऱ्याने येतं, पक्ष्यांमुळे येतं, चपलेला चिकटून येतं, मुंग्या ओढून आणतात. आणि फटीतली रेती पावसाने थोडी थोडी वाहून जाते, रिकाम्या जागेत धूळ, वाळकी पानं, गवत कापल्यावरचा चुरा साचतो, तो कुजून छान काळी माती होते आणि बी त्यात रुजतं. खाली कापड असलं काय नि नसलं काय, वरच्या मातीत उगवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही (कापडाचा उपयोग वेगळा आहे, खालची खडी आणि माती एकमेकांत मिसळू नये म्हणून). त्यामुळे माझ्या मते इलाज तणावर नाही, फटीवर करायचा असतो.

याला अपवाद दोन, लव्हाळा आणि हरळी. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते, ते वेगळंच प्रकरण आहे.

कामाला लागायच्या आधी कुठलं तण आहे ते ओळखणं खूप फायद्याचं ठरलं. घोळ असेल तर उपटून तिथेच बाजूला टाकायची नाही, तिचं खोड आणि पानं पाणीदार असतात त्यामुळे ती पडल्या पडल्या परत मुळं धरते, आणि फुलं आलेली असतील तर उपटल्यावरही बी पिकू शकतं. थेट बादलीत. आंबुशीच्या शेंगा पिकल्या की हात लागताच फुटतात आणि बी मीटरभर लांब उडतं, म्हणजे आपण एक झाड काढताना आजूबाजूच्या सगळ्या फटींत पेरणी करतो, म्हणून आंबुशी शेंगा धरायच्या आत काढायची. दुधी म्हणजे ती जमिनीला चिकटून पसरणारी, तोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर चांगलाच त्रास होतो, हातमोजे घालाच. गाजर गवत दिसलं तर हातमोज्यांबरोबर पूर्ण बाह्यांचे कपडे पण, त्याची अ‍ॅलर्जी वाईट असते.

आता उपाय. उकळतं पाणी मी कोपऱ्यातल्या एका पट्ट्यावर वापरून बघितलं. नुकती उगवलेली कोवळी रोपं लगेच मरतात, काही शिल्लक राहत नाही, विषारी नाही, थोड्या जागेसाठी मस्त उपाय. पण ज्यांचं मूळ जाड आणि खोल आहे त्यांची वरची पानं जातात आणि काही दिवसांनी नवीन फुटवा येतो, कारण पाणी खाली जाईपर्यंत गार होतं. शिवाय उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन बागेत फिरणं जोखमीचं आहे, लहान मुलं असतील तर नकोच.

व्हिनेगरचं नाव सगळेच घेतात. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, ते पानं जाळतं, मुळाला काही करत नाही. कडक उन्हात छोट्या रोपांवर चालतं. पण पेव्हर सिमेंटचे असतील किंवा चुनखडीच्या दगडाचे असतील तर अ‍ॅसिड त्यांनाच खातं, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि रंग उतरतो. दगडाबद्दल शंका असेल तर कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे आले की तिथे व्हिनेगर बंद. आणि ते २० टक्केवालं तीव्र व्हिनेगर मिळतं ना, ते त्वचा आणि डोळे भाजू शकतं, त्याला साधं व्हिनेगर समजून वापरू नका. मी माझ्या पेव्हरवर व्हिनेगर अजिबात वापरलं नाही.

मिठाबद्दल तर हात जोडून सांगते, नको. मीठ फटीत राहत नाही, पावसाबरोबर शेजारच्या वाफ्यात जातं, जास्त झालं की तिथली माती बिघडवतं, झाडं पाणी ओढू शकत नाहीत आणि ते परत काढणं फार अवघड असतं. शिवाय पेव्हरवर पांढरे डाग येतात ते वेगळेच. तणासाठी आख्खा वाफा घालवायचा का?

तणनाशकाचा विचार मी बराच केला. ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे, ते पानातून शिरून मुळापर्यंत जातं, त्यामुळे काम करतं हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, काही देशांच्या नियामक संस्थांचं मत वेगळं आहे, तो वाद चालू आहे. पण माझं न वापरायचं कारण त्याहून साधं होतं. ते फक्त हिरव्या पानावर चालतं, उद्या पडणाऱ्या बीला अडवत नाही. आणि मातीत पडलं तर मातीला धरून राहतं, पण पेव्हरवर पडलेलं पहिल्याच पावसात वाहून थेट गटारात किंवा ओढ्यात जातं. फटीतली माती तशीच ठेवून फवारत बसायचं म्हणजे दर हंगामात तेच.

गॅसच्या ज्योतीने तण मारायचं यंत्र पण असतं. त्यात जाळून राख करायची नसते, ज्योत नुसती वरून फिरवायची, उष्णतेने पानातल्या पेशी फुटतात, पान बोटांत दाबलं आणि काळपट ठसा उमटला की झालं. छान पद्धत आहे, पण वाळलेलं गवत, लाकडी कुंपण जवळ असेल तर आगीची भीती, आणि काही दगड एकदम तापले की तडकतात. माझ्याकडे कुंपण लाकडी, म्हणून विषय संपला.

मग मुख्य काम. फटी रिकाम्या करायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, गुडघे दुखतात, पण यालाच पर्याय नाही असं माझं ठाम मत झालंय. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला असेल तेव्हा मोठी तणं आधी काढून घेतली, ओल्यात मूळ न तुटता अख्खं येतं. मग चांगलं ऊन पडल्यावर, सगळं वाळल्यावर फटीतली माती काढायला घेतली. खुरपं फटीत जात नाही, त्यासाठी पातळ आणि टोकाला वाकडं पातं असलेलं हत्यार लागतं, आणि लांब दांड्याचा तारेचा ब्रश, त्याने उभ्याने काम होतं. निदान अडीच-तीन सेंटिमीटर खोल रिकामं करायचं, वरवर खरवडून काही होत नाही. निघालेली माती लगेच झाडून उचलायची, त्यात बी भरलेलं असतं, कडेच्या वाफ्यात ढकलायची नाही. कोरड्यात खूप धूळ उडते आणि रेतीची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क लावा.

प्रेशर वॉशरने हे काम भराभर होतं, पण त्याची धार उभी मारली तर पेव्हरखालची रेतीसुद्धा उपसली जाते, मग पेव्हर हलायला लागतात, एखादा खचतो. वापरायचाच असेल तर पसरट धार, तिरकी, आणि नंतर सगळं पूर्ण वाळू द्यायचं.

रिकाम्या फटी तशाच ठेवल्या तर सगळी मेहनत वाया, परत माती साचणार. लगेच भरायच्या. साधी कोरडी, धारदार कणांची, माती नसलेली रेती चालते, फक्त ती अधूनमधून परत भरावी लागते. समुद्राची रेती नको, तिच्यात मीठ असतं. मी पॉलिमेरिक सँड वापरली, म्हणजे रेतीत असा पदार्थ मिसळलेला असतो की पाणी लागल्यावर ती घट्ट होते आणि बीला रुजायला सैल जागा मिळत नाही. पण ती नियमाप्रमाणेच वापरावी लागते. पेव्हर आणि फटी पूर्ण कोरड्या हव्यात, पुढचे २४ तास पाऊस नको, झाडूने भरून कंप देऊन बसवायची (माझी जागा मोठी नाही, रबरी हातोडीने ठोकून भागलं), परत भरायची, आणि पेव्हरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली ठेवायची. त्यानंतर पेव्हरवरची धूळ न धूळ झाडायची, फुंकणी यंत्र असेल तर तेही फिरवायचं, कारण वर राहिलेला कण पाण्याने चिकटून पांढरट थर बसतो आणि तो काढणं महाकठीण. पाणी बारीक फवाऱ्याने, थोडं थोडं, थांबून थांबून. जोराची धार मारली की रेती बाहेर येते, कमी पडलं तर वरची पापडी कडक होते आणि खाली भुसभुशीत राहतं. आणि जिथे सतत पाणी साचतं तिथे ही रेती टिकत नाही, आधी उतार ठीक करा.

आता दर आठवड्याला कडक खराट्याने एकदा झाडते, एवढंच. पानं साचू द्यायची नाहीत, गवत कापलं की चुरा लगेच उचलायचा. तरी एखादं रोप येतंच, पण ते वर पडलेल्या धुळीत उगवलेलं असतं, दोन बोटांनी निघतं. मुंग्यांनी जिथे रेती उकरली तिथे वेळेवर भरून घेते. सावलीच्या बाजूला शेवाळ येतं, त्याला मातीही लागत नाही, ओल पुरते, तिथे वरच्या फांद्या छाटून ऊन येऊ दिलं तेव्हा कमी झालं.

राहिला लव्हाळा. याच्या जमिनीखाली गाठींची साखळी असते, वरून ओढलं की पान हातात येतं, गाठ खाली राहते आणि बाजूच्या गाठीही जाग्या होतात. टोक इतकं टोकदार की प्लास्टिकच्या कागदातून आरपार येतं, तिथे रेती काय करणार. लॉनच्या कडेला एका पट्ट्यात तो होता, तिथले पेव्हर उचलले, खालची रेती आणि माती खोल खणून गाठी वेचल्या, उन्हात पूर्ण वाळवल्या आणि मगच टाकल्या, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. हरळीचं तसंच, तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, तुकडा राहिला की झाड झालं, आणि ती लॉनमधून कडेने सरकत येते म्हणून मी तिथे जमिनीत उभी पट्टी गाडून कड पक्की केली. लव्हाळ्याचे एखाद-दुसरे कोंब अजून दिसतात. दिसला की पान तीन-चार इंच वाढायच्या आत काढते, कारण पानं वाढली की तो खाली नव्या गाठी करतो, आणि सारखं काढत राहिलं की जुन्या गाठीतला साठा संपत जातो. कोंब पहिल्यापेक्षा खूप बारीक झालेत. ज्यांच्याकडे लव्हाळा असेल त्यांनी आधी तो पट्टा उचलून साफ करा, मगच बाकीच्या फटी भरायला घ्या.