घरात मुलं आणि जंगलात ग्राउज, मग सेटर कुठला घ्यायचा?

मिशिगनमधल्या आमच्या देशी मित्रमंडळींना एक प्रश्न कायम पडतो, शिकारी कुत्रा लहान मुलांच्या घरात ठेवतोस कसा, चावत नाही का? शिकारी कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सशामागे सुसाट सुटलेला कारवानी येतो ना, म्हणून. सेटर या शिकारी कुत्र्याचं कामच वेगळं. तो वासावर पक्षी, आमच्याकडे ग्राउज हा तितरासारखा रानपक्षी, शोधतो आणि सापडला की जागच्या जागी थिजतो, पक्षी उडवायचा माणसाने, गोळीही माणसानेच घालायची, आणि पडलेला पक्षी आणून देताना त्याचं एक पीस चुरगळलं नाही पाहिजे. असल्या मऊ तोंडाच्या कुत्र्याच्या पाठीवर पोरं लोळतात यात मला तरी नवल वाटत नाही.

आता कुठला घ्यायचा. इंग्लिश, आयरिश, गॉर्डन, आणि लाल-पांढरा आयरिश असे चार आहेत. आयरिशचा तो लाल रंग बघून लोक घसरतात, पण तो बहुतेक वेळा रंगासाठी आणि शोसाठीच पाळला गेला, शिकारीचे लाल सेटर वेगळ्या ब्रीडरकडे शोधावे लागतात. गॉर्डन स्कॉटलंडचा, काळा-तांबूस, घरच्यांवर जीव टाकणारा पण परक्यांशी जरा तुटक. माझं मत इंग्लिश सेटरला, तेही फील्ड लाइनचाच, म्हणजे शिकारीच्या कामासाठी पैदास केलेल्या वंशातला. शो लाइनचा नर ३० किलोच्या पुढे जातो, फील्डचा साधारण १६ ते २३ किलो, चपळ, केसही कमी. आणि फील्ड लाइनमध्येसुद्धा स्पर्धेसाठी बनवलेले असतात, ते अर्धा मैल पुढे पळतात, मोकळ्या माळावर ठीक आहे पण आपल्याकडच्या ॲस्पेन आणि आल्डरच्या दाट झुडपांत असा कुत्रा काय कामाचा? जवळ राहून काम करणारा पाहिजे, पेनसिल्व्हेनियात जॉर्ज रायमन या ब्रीडरने जोपासलेली लाइन त्याच प्रकारची, हळू आणि दमाने चालणारी.

म्हणून पिल्लाचे फोटो बघून ॲडव्हान्स पाठवू नका. पिल्लाच्या आईला, जमलं तर बापालाही, जंगलात काम करताना बघा. गळ्यातली घंटी वाजत असते, मग एकदम बंद होते, आपण फांद्या बाजूला सारत जातो तर कुत्री एक पाय उचलून, शेपटी ताठ, डोळे एका फर्नच्या जुडग्यावर लावून उभी आणि अंगात बारीक थरथर. मग फडफडाट करत ग्राउज उडतो आणि बऱ्याचदा आपला नेम चुकतो, ते जाऊ द्या. तीच कुत्री घरी आल्यावर कशी वागते तेही बघा, ब्रीडरच्या पोरांनी शेपूट ओढली तर काय करते, कोपऱ्यात शांत झोपते का. हिप्सचे एक्स-रे मागा, आणि पांढऱ्या अंगाच्या या जातीत जन्मजात बहिरेपणा येतो म्हणून पिल्लांची कानाची बेअर टेस्ट झालीये का विचारा.

स्वभाव हळवा असतो हे मात्र खरं. जोरात ओरडलात की दिवसभर रुसून बसेल. बंदुकीच्या आवाजाची ओळख लांबून, पक्ष्याच्या नादात असताना, हळूहळू करून द्यायची, पिल्लाला चार जुलैच्या फटाक्यांत उभं करून "सवय होईल" म्हणणारे लोक आहेत, त्यांच्यापुढे हात टेकले. पूर्ण तयार व्हायला २-३ वर्षं लागतात. आणि ग्राउजच्या शिकारीचा सीझन १५ सप्टेंबरला सुरू होतो खरा पण आमच्यासारख्या नोकरदारांना त्यातले मोजके शनिवार-रविवारच मिळतात, म्हणजे बाकी सगळं वर्ष तो घरातलाच कुत्रा. रोज पळवायला लागतंच नाहीतर सोफ्याची वाट लावतो, आणि जंगलातून आल्यावर पोटाखालच्या केसांतली गोखरूसारखी काटेरी बोंडं काढण्यात तासभर जातो, आमच्याकडे ते काम पोरांनी हौसेने घेतलंय.

आणखी एक, आपल्या घरांसाठी खास. मनुका-बेदाणे आणि कांदा कुत्र्याला विषारी असतात. आजीला वाटतं बिचाऱ्याला जरा शिरा द्यावा, नाहीतर उरलेली भाजी-पोळी. पाहुणे आले की चहाच्या आधी मी हेच सांगून घेतो, आणि प्रसादाचा शिरा हल्ली आम्ही बेदाणे न घालताच करतो.