फोटो डॉक्युमेंट करून पाठवा

तालुक्याच्या बातमीदारांना डेस्कवरून दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा काय ऐकवलं जातं, तर हे: फोटो डॉक्युमेंट करून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबून बारीक होतो. मोबाइलवर छान दिसतो, पण पानावर तीन कॉलमात लावला की नुसते चौकोन दिसायला लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी येते. आमच्या फोटो एडिटरनी हे सगळ्यांकडून इतकं घोकून घेतलंय की साठी ओलांडलेले बातमीदारही आता न सांगता तसाच पाठवतात.

मी एका मराठी दैनिकाच्या वेब डेस्कवर आहे. जिल्ह्यातून आलेली बातमी तपासायची, मथळा द्यायचा, फोटो चढवायचा आणि लाइव्ह करायची, हे माझं रोजचं काम. ही गोष्ट ऑक्टोबरअखेरची, मराठवाड्यातली. ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघायच्या तयारीत असतात ते दिवस. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल मिळते ती कोयत्यामागे. तरण्या पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा आईबापापुढचा प्रश्न. मग निघायच्या आधी घाईघाईत लग्नं उरकली जातात आणि त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही बोहल्यावर चढतात. दर वर्षी या सुमाराला ‘बालविवाह रोखला’ अशा बातम्या आमच्याकडे येतातच.

त्या दिवशी आलेली बातमी काकांची होती. काका म्हणजे आमचे एका तालुक्याचे बातमीदार. पंचवीसेक वर्षं बातमीदारी आणि शिवाय खताचं दुकान. बातमी नीट लिहिलेली होती. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर निनावी फोन आला, ग्रामसेवक आणि पोलीस हळदीच्या दिवशीच पोचले, दोन्हीकडच्या लोकांना समज दिली आणि मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर केलं. मुलीचं नाव नाही, गावाचं नाव नाही, फक्त ‘तालुक्यातील एका वस्तीवर’. बाल न्याय कायद्याचं कलम 74 काकांना पाठ आहे. लग्न लावून दिलं जाण्याचा धोका असलेलं मूल कायद्यानं ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही छापलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सोबत एक फोटो होता, अर्थातच डॉक्युमेंट करून. ओट्यावर बसलेली मुलगी, चेहऱ्यावर ब्लर मारलेला, शेजारी पत्र्याची भिंत आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. बातमी पहिल्या पानासाठी धरली होती, वेबवर लगेच जायची होती. मी फोटो सीएमएसमध्ये, म्हणजे वेबसाइटवर बातम्या चढवायच्या आमच्या सिस्टिममध्ये, चढवला तर तो आडवा पडला. मुलगी कुशीवर, ओटा भिंतीसारखा उभा. उभे धरून काढलेले फोटो कधीकधी असे लोळतात, कारण फोन चित्र फिरवत नाही. ‘दाखवताना एवढं फिरवा’ अशी एक नोंद फक्त फाइलीत ठेवतो. ती नोंद काय म्हणतेय ते बघायला मी फाइलची प्रॉपर्टीज उघडली आणि डिटेल्सवर गेले.

तिथं नेहमीची यादी होती. फोन कुठल्या कंपनीचा, मॉडेल कोणतं, फोटो कधी काढला, फ्लॅश पडला की नाही. डिजिटल फोटोबरोबर ही माहिती ठेवायचा संकेत जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगानं 1995 साली ठरवला. त्याला एक्झिफ म्हणतात आणि आज जवळपास प्रत्येक फोन तो पाळतो. यादीच्या तळाशी जीपीएसचा रकाना होता: 18 अंश, मग मिनिटं, मग सेकंद आणि सेकंदांपुढे दशांश. रेखांश 75 अंशांचा, तोही तसाच. अक्षांशातला एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण एकतीस मीटर. सेकंदाचाही दशांश दिलेला असेल, तर आकडा गाव सांगत नाही, थेट घर सांगतो. उघड्या आभाळाखाली फोनचं जीपीएस फार तर काही मीटर इकडंतिकडं जातं.

मी आकडे नकाशात टाकले. उपग्रहाच्या चित्रात माळावरची सात-आठ छपरं दिसली, मध्ये एक झाड, बाजूला विहीर. पण ही जागा काकांच्या तालुक्यात नव्हतीच. तिथून बरीच लांब, दुसऱ्याच तालुक्यात होती. आधी वाटलं, फोटोच चुकीचा आलाय. अशी सरमिसळ होते. मी काकांना फोन लावला.

“काका, फोटो त्याच मुलीचा आहे ना?”

“हो ताई, तिचाच. चेहरा झाकलाय की मी. आणि खाली पट्टी होती, तारीख आणि कसलेसे आकडे लिहिलेली, ती पण कापून टाकली.”

“पण ही जागा तुमच्या तालुक्यातली नाही.”

काका जरा थांबले. मग म्हणाले, “मुलगी घरी नाही ना आता. समितीनं नातेवाईकाकडं ठेवलीय. कुठं ते मलाबी सांगितलं नाही. नवऱ्याकडची माणसं परवा येऊन घरापुढं तमाशा करून गेली म्हणून. पण तुम्हाला कसं कळलं?”

बातमीत आम्ही गावाचं नाव गाळलं होतं. काकांनी चेहरा झाकला होता, पट्टी कापली होती. आणि जी जागा खुद्द बातमीदारालाही कळू दिली नव्हती, ती माझ्यासमोरच्या स्क्रीनवर छपरासकट उघडी होती. कुणी काही फोडलं नव्हतं, काही चोरलं नव्हतं. उजवं बटण दाबलं, एवढंच.

मी वृत्तसंपादकांकडे गेले. सर कामात होते. “अगं, वाचक फोटो बघतात. प्रॉपर्टी कोण उघडतंय?” मी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नकाशा दाखवला. सगळ्या वाचकांनी उघडायची गरजच नव्हती. एका माणसानं उघडलं तरी पुरलं असतं, आणि ज्याला मुलगी शोधायची आहे तोच तो माणूस असणार. सरांनी झूम करून विहीर बघितली आणि म्हणाले, “बातमी थांबव. आणि सिस्टिमवाल्याला बोलाव.”

बातमी लाइव्ह झालेली नव्हती, पण एवढ्यावर भागत नव्हतं. सीएमएसमध्ये फोटो चढवला की तो त्याच क्षणी सर्व्हरवर जाऊन बसतो आणि त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. बातमी मसुद्यात असली तरी हा पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला फोटो उघडतो. शिवाय आपण पानावर बघतो ती लहान केलेली प्रत असते. लहान करताना आमच्याकडे ही माहिती बहुतेक गळून पडते. मूळ फाइल मात्र मागे तशीच राहते, सगळ्या नोंदींसकट. सिस्टिमच्या मुलानं आधी मूळ आणि लहान सगळ्या प्रती काढल्या, मग कॅशे, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या प्रतींची जागा, रिकामी केली. हे होईपर्यंत सर शेजारी उभे. डेडलाइनच्या वेळी ते असे कुणाच्या शेजारी उभे राहिलेले मी क्वचितच पाहिलेत.

मग त्यानं काकांची फाइल एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅममध्ये घातली. हा फुकट मिळतो, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायचा, दिसायला अगदी रुक्ष. पण विंडोज जे दाखवत नाही तेही हा दाखवतो. ओळींमागून ओळी सरकत गेल्या आणि तो मध्येच थांबला. “ताई, यात थंबनेल आहे.”

फोटोच्या पोटात त्याच फोटोची आणखी एक बारीक प्रत असते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर झटपट दाखवता यावी म्हणून ती ठेवायची पद्धत पडली. जुन्या प्रमाणानुसार ती 160 बाय 120 पिक्सेलची, हल्लीचे काही फोन त्याहून मोठी ठेवतात. तुम्ही फोटो कापलात, रंग बदललात, ब्लर मारलात, तर चांगलं सॉफ्टवेअर ही बारीक प्रतही नव्यानं बनवतं. सगळी सॉफ्टवेअरं चांगली नसतात. काकांच्या फोनमधल्या अ‍ॅपनं वरचं चित्र बदललं होतं आणि आतली प्रत जुनीच ठेवली होती. सिस्टिमच्या मुलानं ती वेगळी काढून उघडली.

तिचा चेहरा. कॅमेऱ्याकडे बघणारा, किंचित डावीकडे कललेला, दोन वेण्या. खाली काकांनी कापलेली पट्टीही होती. अक्षरं वाचता येण्याइतकी मोठी नव्हती, चेहरा ओळखता येण्याइतका मोठा होता.

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. “म्हणजे ब्लरचा उपयोगच नव्हता?” सिस्टिमचा मुलगा म्हणाला, “वरून होता.” एरवी सर अशा उत्तरावर चिडले असते. मग त्यानं मॅकफीची गोष्ट सांगितली. अँटीव्हायरसवाला जॉन मॅकफी 2012 साली बेलीझमधून पळाला होता. त्याच्यासोबत असलेल्या एका मासिकाच्या पत्रकारांनी त्याचा फोटो मोठ्या दिमाखात टाकला आणि फोटोतल्या जीपीएसवरून तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. काही दिवसांतच त्याला तिथं अटक झाली. गोष्ट रंजक आहे, पण मला त्या वेळी तिच्यात रस नव्हता. मॅकफीकडे वकील होते.

पट्टीचं कोडं सुटलं ते ग्रामसेवकांना फोन केल्यावर. फोटो त्यांनीही काढलेला नव्हता. मुलीला नातेवाईकाकडे पोचवायला गेलेल्या एका कर्मचाऱ्यानं गृहभेटीचा पुरावा म्हणून काढला होता, जिओ-टॅगच्या, म्हणजे फोटोवर जागेची नोंद करणाऱ्या, अ‍ॅपमधून. गावपातळीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, फोनचं लोकेशन बंद असूच शकत नाही. घरकुलाचा हप्ता हवा, जिओ-टॅग फोटो. रोजगार हमीची हजेरी तर 1 जानेवारी 2023 पासून दिवसातून दोनदा जिओ-टॅग फोटोनं. झाडं लावली, शौचालय बांधलं, बैठक घेतली, सगळ्याला जागेचा शिक्का हवाच. काम कागदावर न होता जागेवर झालं हे त्यातून कळतं, आणि भ्रष्टाचार बघितलेल्या माणसाला ही पद्धत वाईट म्हणवणार नाही. मीही म्हणत नाही. त्या कर्मचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. फोटो वरिष्ठांकडे जायचा तो आधी ग्रामसेवकांकडे गेला, आणि काका त्यांच्या मागेच लागले होते: फोटो द्या, क्लिअर द्या, डॉक्युमेंट करून द्या.

मग काकांना पुन्हा फोन. फोटो आणखी कुणाला दिला? जिल्ह्यातल्या पत्रकारांच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात सगळ्या पेपरांची आणि चॅनेलची माणसं. माझ्या पोटात गोळाच आला. “तोपण डॉक्युमेंट करून?”

“छे! ग्रुपवर साधाच टाकला. चांगला आपल्यालाच नको का?”

साधा टाकला म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपनं दाबला, आणि दाबताना जीपीएस, थंबनेल सगळं झाडून टाकलं. सिस्टिमच्या मुलानं ग्रुपवरची प्रत मागवून तपासली. आत काहीच नव्हतं. बाकीच्या सगळ्यांकडे गेलेला भंगार फोटो निर्धोक होता आणि आपल्या पेपरसाठी प्रेमानं जपून पाठवलेला तेवढा घातक. तरी सरांनी काकांना सांगितलं, फोनमधली मूळ फाइल काढा, ग्रामसेवकांनाही काढायला सांगा. त्या कर्मचाऱ्याशी मी बोलले. तो बिचारा घाबरला आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिला, की रिपोर्टला जिओ-टॅग लागतोच. मी म्हटलं, रिपोर्टला लावा हो, फक्त तो फोटो कार्यालयापलीकडे जाऊ देऊ नका. बातमीसाठी कुणी मागितलाच तर लोकेशन बंद करून साध्या कॅमेऱ्यातून दुसरा काढा, त्यात मुलगी नको आणि घरही नको.

आमच्याकडे फोटो साफ करून वापरायचा पर्याय होता. साफ करणं अवघड नाही. एक्झिफटूलला एका ओळीत ‘सगळं काढ’ म्हणून सांगता येतं. त्यात दोन खोचा आहेत, त्या सिस्टिमच्या मुलानं तिथल्या तिथं दाखवल्या. सगळं काढलं की फिरवण्याची नोंदही जाते आणि फोटो पुन्हा आडवा होतो, म्हणून आधी चित्र खरंखुरं फिरवून सेव्ह करायचं आणि मग साफ करायचं. दुसरं, हा प्रोग्रॅम काळजीपोटी जुन्या फाइलची प्रत ‘ओरिजिनल’ असं शेपूट लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. ती काढली नाही आणि अख्खा फोल्डर सर्व्हरवर गेला, तर केलेलं सगळं पाण्यात. घरच्या फोटोंसाठी एवढा खटाटोप लागत नाही. आयफोनवर शेअर करताना वरच्या ऑप्शन्समध्ये लोकेशन बंद करता येतं, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच जागेची नोंद बंद ठेवता येते.

पण साफ केलेला फोटोही सरांनी लावू दिला नाही. त्यांचं म्हणणं, पत्र्याची भिंत आणि वाळत घातलेले कपडे ओळखायला त्या वस्तीवरच्या माणसाला जीपीएस लागत नाही. हे मला पटलं. फाइल साफ करता येते, चित्रात दिसतं ते तसंच राहतं.

बातमी वेबवर फोटोशिवाय गेली, जोडीला 1098 ची चौकट. छापील अंकात फोटो नाही म्हटल्यावर ती पहिल्या पानावरून पाचव्या पानावर घसरली आणि तिच्या जागी कुठल्याशा भूमिपूजनाचा फोटो आला. सकाळी काकांचा फोन. रागावले होते. “ताई, एवढी मेहनत केली आणि आतल्या पानावर?” मी त्यांना थंबनेलबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पान पाचबद्दलचा राग काही गेला नाही.

मात्र बाकीचं त्यांनी मनावर घेतलं, जरा जास्तच. त्याच आठवड्यात त्यांच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन झालं. अध्यक्ष, संचालक मंडळ, सपत्नीक पूजा, आणि कारखान्याचं नाव पाटीवर फूटभर अक्षरांत. फोटो आला तो इतका धुरकट की अध्यक्ष कोण आणि भटजी कोण ते कळेना. खाली काकांचा मेसेज: ‘साधाच पाठवला आहे. डॉक्युमेंट केलेला नाही. लोकेशन बंद होते.’ फोटो एडिटरनी तो मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “हे तू शिकवलंस का त्यांना?”